स्ट्रॉबेरी पांढरी पडली, फेकू का?

प्रश्न: ताई, महाबळेश्वरची अर्धा किलो स्ट्रॉबेरी बरणीत घालून वर 750 मिलीची व्होडका ओतली, लिकर करायचं म्हणून. आता दोन आठवड्यांत फळं पार भुतासारखी पांढरी झालीत, तळाला साकाही दिसतोय. सासूबाई म्हणतात ओतून दे मोरीत.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: अगं थांब, मोरीत कशाला! फळाचा रंग आणि वास व्होडकात उतरलाय, तेच तर हवं होतं, आता त्या फळांत काही राम नाही. साका म्हणजे फळाचा गर, पेक्टिन वगैरे. मलमलीतून गाळ, पण पिळू नकोस हं, पिळलं की सगळं गढूळ होतं, मग कॉफी फिल्टरमधून सावकाश ठिबकू दे, रात्रभर लागली तरी चालेल. पाव किलो साखरेचा पाक करून पूर्ण गार झाल्यावरच मिसळ, जास्त पातळ नको, आणि महिनाभर अंधाऱ्या कपाटात ठेव. फक्त एक बघ, व्होडकाच्या वर डोकं काढलेल्या फळावर केसाळ बुरशी दिसली तर मात्र सासूबाईंचंच ऐक, अख्खी बरणी ओत. जूनमध्ये जांभळाचं करून बघ, रंग काय येतो!