लोड येताच व्होल्टेज खाली का येतं?

प्रश्न : प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर नेला. व्होल्टेज ऑटोवर असताना तापमान ९५ अंशांपुढे जायचं, म्हणून बायोसमध्ये १.२५ व्होल्ट हाताने ठरवलं. आता स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) लावली की १.१८ दिसतं आणि मशीन रीस्टार्ट होतं. मदरबोर्ड खराब आहे का?

उत्तर : नाही. लोड येऊन करंट वाढला की व्होल्टेज थोडं उतरावं अशीच ती रचना असते. याला व्हीड्रूप म्हणतात. ४.८ला लोडखालचं १.१८ पुरत नाही, एवढंच.

बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज किती उतरू द्यायचं हे ठरवणारी सेटिंग) शोधा आणि मधली पातळी निवडा. आकड्यांवर विसंबू नका : काही बोर्डांवर पातळी १ सर्वांत कडक, म्हणजे व्होल्टेज सर्वांत कमी उतरू देणारी, तर काहींवर सर्वांत सौम्य असते. सर्वांत कडक पातळी मात्र कृपया टाळा. लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतं; ही उसळी इतकी क्षणिक असते की मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरला ती दिसतच नाही, चिपला मात्र सोसावी लागते.

मग व्होल्टेज ०.०१ व्होल्टने वाढवत जा आणि दर वेळी अर्धा तास टेस्ट चालवा. लोडखालचाच आकडा नोंदवा. रीस्टार्ट थांबले तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘WHEA’ म्हणजे हार्डवेअर एरर दिसत असतील, तर व्होल्टेज अजून अपुरं आहे.

उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते. त्याच गतीला १.२५चे १.३५ केले तर वीजवापर सुमारे १७ टक्के वाढतो. तापमान ९०च्या पुढे जाऊ लागलं तर व्होल्टेज वाढवू नका, गती १०० मेगाहर्ट्झने कमी करा.