भुईआवळ्याला संधी देऊन झाली आहे

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ४४) हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार आहे, हे तीन वर्षांपूर्वी रक्तदान करताना कळलं. तेव्हापासून एन्टेकॅविरची रोज एक गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात रिपोर्टमध्ये ‘विषाणू आढळला नाही’ असं आलं. त्यावर मोठे दीर म्हणतात, ‘झालं बरं, गोळी थांबव आणि भुईआवळ्याचं चूर्ण घे. माझ्या मित्राचं एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) १८० होतं, दीड महिन्यात ४० वर आलं.’ मी नको म्हटलं की ‘डॉक्टरांना जन्मभर गोळ्या खपवायच्यात’ हे ठरलेलं उत्तर. यजमान आमच्या दोघांच्या कात्रीत सापडलेत. काय करावं?

उत्तर : ताई, दिरांना आधी त्यांना आवडेल अशी गोष्ट सांगा. भुईआवळ्याला आम्ही हसण्यावारी नेलेलं नाही. या विषाणूचा माग लावल्याबद्दल ज्यांना १९७६ साली नोबेल मिळालं, त्या बारूख ब्लमबर्ग यांनीच मद्रासच्या संशोधकांबरोबर ही वनस्पती अभ्यासली. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला : ३० दिवस भुईआवळा घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण, म्हणजे एचबीएसएजी, नाहीशी झाली. नुसती दिखाऊ पूड घेतलेल्या २३ जणांत असा एकच निघाला. तो निबंध वाचून मी इतका हरखलो होतो की वसतिगृहात त्याच्या झेरॉक्स वाटत फिरलो!

पुढे थायलंडमध्ये आणि इतरत्र तोच प्रयोग करून पाहिला, आणि तसं फळ काही आलं नाही. वनस्पतीची जात वेगळी असेल, काढणीचा हंगाम वेगळा असेल, असे तर्क झाले. पण पहिल्यासारखा निकाल पुन्हा भरवशानं हाती लागला नाही. माझ्या झेरॉक्स फुकट गेल्या.

आता तो मित्र. हिपॅटायटिस बीमध्ये एसजीपीटी आपोआप चढतं आणि आपोआप उतरतं. माणूस औषधाच्या शोधात निघतो कधी? आकडा चढलेला असताना. म्हणजे त्या वेळी काहीही घेतलं, चूर्ण, काढा की नुसतं ताक, तरी पुढचा रिपोर्ट बरेचदा खालीच यायचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. प्रौढ वयात नव्यानं लागण झालेल्यांपैकी तर शंभरात पंचाण्णवजण कसल्याही औषधाविना विषाणूमुक्त होतात; त्यांनी त्या काळात जे घेतलं असेल, ते रामबाण ठरतं. त्या मित्राला एवढंच विचारा : चूर्णाआधी आणि नंतर एचबीएसएजी तपासलं होतं का? एसजीपीटीवरून यकृताची सूज कळते, विषाणू गेला की नाही ते कळत नाही.

तुमच्या रिपोर्टचंही तसंच. ‘आढळला नाही’ म्हणजे रक्तात मोजण्याइतका उरलेला नाही. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात तो आपल्या डीएनएची कडी करून दडलेला असतो. गोळी त्याच्या नव्या प्रती निघू देत नाही. ती कडी तिला तोडता येत नाही. ही आमच्या औषधाची उणीव आहे, आणि दिरांचा राग तेवढ्यापुरता मला मान्य आहे. पण गोळी बंद केली की प्रती पुन्हा सुरू. माझ्या एका रुग्णानं असाच चांगला रिपोर्ट पाहून परस्पर गोळी सोडली. चौथ्या महिन्यात तो पिवळाधमक होऊन, पोटात पाणी भरलेल्या अवस्थेत आला. वाचला, पण थोडक्यात. काही निवडक रुग्णांची गोळी थांबवता येते. तेव्हा सुरुवातीला वारंवार रक्त तपासत राहावं लागतं आणि तो निर्णय यकृततज्ज्ञच घेतात.

गोळी चालू ठेवून चूर्ण घेतलं तर? मी नको म्हणेन. ‘यकृतासाठी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत एकटा भुईआवळाच असेल असं नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. तरीही घेणारच असतील, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. पुढे एसजीपीटी वाढलं तर कशामुळे, हे आम्हाला शोधायचं असतं. दारू पूर्ण बंद. बुरशी धरलेले शेंगदाणे टाकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. सोनोग्राफी किती महिन्यांनी करायची, तेही विचारून घ्या.

तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या तपासणीचा उल्लेख नाही. तुमचं आणि मुलांचं एचबीएसएजी पाहिलं का? लागण नसेल आणि लस झाली नसेल, तर लगेच घ्या. आणि एक राहिलं. हा आजार पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून येतो, आणि मोठे दीर त्याच आईचे. त्यांनी स्वतःचं रक्त कधी तपासलंय का, हे आजच विचारा.