ग्लॉक १७ हे आधुनिक पिस्तूल आणि काळ्या दारूचं, म्हणजे जुन्या बंदुकीच्या दारूवर चालणारं कोल्ट रिव्हॉल्व्हर, दोघांत नेमका फरक काय?

खरा फरक कळतो तो भरताना. १८५१ चं कोल्ट नेव्ही म्हणजे कोकणातली ठासणीची बंदूक, पण सहा वेळा. सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून काळी दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती ठासायची आणि मागच्या बाजूला एकेक टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी धातूची वाटी, बसवायची. गोळीवर चरबी फासायची ती वेगळीच, नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊन दोन-तीन बार एकदम उडायची भीती. एवढं करून सहा बार. त्यातही प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा आत अडकला की यंत्रच ठप्प!

ऑस्ट्रियाचं ग्लॉक १७ आलं १९८० च्या दशकात. सतरा काडतुसांचं मॅगझिन खाली खटकन बसवलं की झालं. रिकामं कवच फेकणं, पुढचं काडतूस चढवणं ही कामं बाराच्या धक्क्यावर आपोआप होतात. सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे मजबूत प्लास्टिकचा, त्यामुळे वजन कोल्टच्या जवळपास निम्मं.

धूर हा आणखी एक मुद्दा. काळ्या दारूचा पांढरा लोट समोरचं लक्ष्यच झाकून टाकतो. शिवाय तिची काजळी ओल धरते आणि लोखंड खाते, म्हणून त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुणं आलंच. ग्लॉकला एखादा दिवस उशीर चालतो.

दिसायला मात्र कोल्टच देखणं, त्याबद्दल माझा वाद नाही.