सांताचे अक्षर आईसारखे का?

एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे आणि मुलगी तीन वर्षांची. डिसेंबर लागला की मुलाच्या वर्गात सांताखेरीज दुसरा विषय नसतो, आणि गेली तीन वर्षे सांता त्यांच्याही घरी येतो. पतींना हे पटत नाही. मुलांशी खोटे बोलायचे नाही असे एकदा ठरवल्यावर सणापुरता अपवाद कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. सध्या राहायला आलेल्या सासूबाई म्हणतात की मूल रमते आहे तर रमू द्यावे. अशात, गेल्या नाताळात सांताच्या भेटीवर लावलेली चिठ्ठी मुलाने जपून ठेवली होती, ती त्याने आणली, आपल्या डब्यावर आईने लिहिलेल्या नावाशेजारी धरली आणि विचारले, "आई, सांताच्या 'वाय'चं शेपूट तुझ्यासारखंच का आहे? खरं सांग." आईने विषय बदलला, आणि तेव्हापासून त्यांना चैन नाही.

माझे मत सरळ आहे. सांता घरी जरूर यावा. परंतु ज्या दिवशी मूल मनापासून विचारेल, त्या दिवशी त्याला खरे उत्तर मिळावे. या मुलाने मनापासून विचारले आहे.

मुलांच्या प्रश्नांत दोन जाती असतात आणि त्या ओळखता आल्या म्हणजे पतींच्या शंकेचेही बरेचसे निरसन होते. "आपल्याकडे धुराडं नाही, मग तो आत कसा येतो?" हा खेळाच्या आतला प्रश्न आहे. तो विचारणाऱ्या मुलाला गोष्ट पुढे हवी असते, आणि त्याला गोष्टीनेच उत्तर देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. भातुकलीतला रिकामा कप तोंडाला लावून आपण "वा, चहा छान झालाय" म्हणतो, तसेच ते आहे. "खरं सांग" हा मात्र खेळाबाहेर येऊन विचारलेला प्रश्न आहे. तिथे मुलाला सांताविषयी जितके जाणून घ्यायचे असते तितकेच तुमच्याविषयीही असते. खात्री नसेल तर "तुला काय वाटतं?" असे एकदा अवश्य विचारावे, पण एकदाच, पुन्हापुन्हा तेच विचारले तर ती पळवाट होते आणि मुलाला ते कळते.

सत्य कळल्यावर मूल कोसळेल, ही भीती बहुतेक पालकांना असते. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांतावरचा विश्वास सुटलेल्या 52 मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या. बहुतेकांना साधारण सातव्या वर्षी, स्वतःच्याच विचाराने हे उमगले होते, आणि त्याविषयी त्यांनी सांगितलेल्या भावना प्रामुख्याने चांगल्या होत्या. वाईट वाटले ते पालकांना. हे मला फार खरे वाटते. मूल मोठे होत असल्याची हुरहुर आपली असते आणि ती आपण मुलाच्या नावावर टाकतो.

मुले भाबडेपणाने काहीही मानतात, असेही नाही. टेक्सास विद्यापीठातील जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना, हॅलोविनची मिठाई नेऊन तिच्या जागी खेळणे ठेवणाऱ्या एका 'कँडी विच'ची गोष्ट सांगितली होती, जी त्यांनी स्वतःच रचलेली होती. ज्यांच्या घरी खरोखर खेळणे येऊन पडले, त्यांचा तिच्यावर अधिक विश्वास बसला. म्हणजे मूल पुरावा पाहते. आणि सांताच्या बाबतीत तर मोठ्यांचे सगळे जग पुरावे तयार करण्यात गुंतलेले असते. कॅनडाच्या टपाल खात्याने सांतासाठी 'हो हो हो' असा वाचता येणारा पोस्टल कोड ठेवला आहे, आणि अमेरिकेतील लष्करी हवाई संरक्षण यंत्रणा 1955 पासून दर नाताळात त्याच्या प्रवासाची खबर देत आली आहे. एवढ्या पसाऱ्यातून साडेसहा वर्षांच्या मुलाने 'वाय'चे शेपूट हेरले. अशा मुलाला "छे, तुला भास झाला" म्हणणे म्हणजे त्याने बरोबर पाहिलेले चूक ठरवणे होय. चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घेणे, भेटीचा कागद लपवणे, असा बंदोबस्त मी तरी करू नये असे सांगेन.

1897 साली आठ वर्षांच्या एका मुलीने, सांता खरोखर आहे का, हा प्रश्न 'न्यूयॉर्क सन' या दैनिकाला विचारला होता आणि फ्रान्सिस चर्च यांनी अग्रलेखातून तिला "होय, आहे" असे उत्तर दिले. ते उत्तर जगभर गाजले. मला त्यात राहून राहून वाटते ते असे, की वर्तमानपत्रात आले म्हणजे ते खरे, असे तिच्या वडिलांनी तिला सांगितले होते. तो प्रश्न घरातच सुटायला हवा होता.

आता आपल्या घरांपुरता खास पेच. सांता खोटा असे कळलेले मूल बहुधा पुढे विचारते, "मग बाप्पाही तसाच का?" हा प्रश्न येणार असे धरूनच चालावे. मुलाला सांगता येईल, की सांता हा मोठ्यांनी मुलांसाठी ठरवून चालवलेला खेळ आहे. मोठी माणसे स्वतः त्याला मानत नाहीत. आजीची बाप्पावर श्रद्धा आहे; घरात कोणी पाहत नसतानाही ती हात जोडते. श्रद्धा बाळगायची की नाही, हे तू मोठा होशील तसे तुझे तू ठरवशील. आईवडिलांचे मत आजीहून वेगळे असेल तर तेही मोकळेपणाने, आजीचा मान राखून सांगावे. मात्र नैवेद्यातला मोदक हळूच उचलून "बघ, बाप्पाने खाल्ला" असे आपणच करत असू, तर सांता आणि बाप्पा यांना एका रांगेत आपणच बसवलेले असते. ही हौस सोडावी. सासूबाईंना हे विश्वासात घेऊन सांगावे. त्यांच्या मायेत काही खोट नाही.

एक गोष्ट मात्र मुळीच करू नये. "नीट वाग, नाहीतर सांता येणार नाही" हा आपला जुना बागुलबुवाच आहे, फक्त लाल डगला घातलेला. भेटींविषयीही इतकेच, की महागडी वस्तू आईबाबांच्या नावाने द्यावी आणि सांताकडून लहानशी. वर्गात एखाद्या मुलाच्या घरी पैशांची ओढाताण असेल, तर सांता आपल्यालाच कमी का देतो, हे कोडे त्याला पडू नये.

ज्या घरांना हा खेळ नकोच वाटतो, त्यांनीही संकोच बाळगू नये. चौथ्या शतकात मायरा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते, त्यांच्या दातृत्वाच्या कथांतून पुढे सांता घडला आणि नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी येणारे सिंटरक्लासही तेच, एवढे सांगितले तरी मुलाला वर्गातल्या गप्पांत सामील होता येते. फक्त इतर घरांत हा खेळ चालू आहे आणि तो मोडणे आपले काम नाही, हे बजावून ठेवावे.

पत्र लिहिणाऱ्या आईंनी आज रात्री मुलाला जवळ घेऊन ती चिठ्ठी पुन्हा पाहावी. "तू बरोबर ओळखलंस, ते अक्षर माझंच आहे" असे म्हणावे, आणि त्या दिवशी विषय बदलल्याबद्दल वाईट वाटते, हेही सांगावे. तो कदाचित रडेल, रडू द्यावे. मग धाकटीची आठवण करून द्यावी. ती अजून खेळात आहे, आणि यंदा तिच्या भेटीवरची चिठ्ठी लिहायला सांताला मदतनीस हवा आहे.