बाहुलीघराच्या व्हरांड्याची फरशी का वाकते?

प्रश्न : १:१२ मापाच्या (खऱ्याच्या बाराव्या भागाएवढ्या) बाहुलीघराला पातळ पुठ्ठ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांची फरशी घालून व्हरांडा केला. पॉलिश लावल्यावर पांढुरके डाग उठले आणि फरशी धनुष्यासारखी वाकली. कठडाही वाकडातिकडा दिसतो.

उत्तर : डाग फेव्हिकॉलचे आहेत. गोंद लाकडात मुरला की तिथे रंग शिरत नाही, आणि नंतर घासूनही ते डाग सहज जात नाहीत. म्हणून काड्यांची गोल टोकं कापा, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, आधी रंगवा, पूर्ण वाळवा, मगच चिकटवा. फरशी वाकते, कारण पाण्याच्या गोंदाने आणि रंगाने तिची एकच बाजू फुगते, वाळताना आक्रसते. तळाचा पातळ पुठ्ठा तिच्याबरोबर वाकतो. तळाला ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) घ्या, त्याच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलर (ओल आत शिरू न देणारा लेप) द्या, आणि फरशी चिकटवल्यावर रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा.

कठडा जागेवर उभा करू नका, तो आडवा बांधायचा असतो. आलेखाच्या कागदावर ७५ मिमी उंचीचं चित्र काढा, वर बटरपेपर पसरा. ३ मिमीच्या बांबूच्या काड्या एकाच मापाने कापून ८ मिमी अंतराने मांडा. गोंद टाचणीच्या टोकाने, थेंबभरच. वाळल्यावर अख्खा कठडा उचलून ९ मिमीच्या चौकोनी खांबांमध्ये बसवा.

पायरी १५ मिमी उंच, २३ मिमी रुंद ठेवा. यापेक्षा उंच केली की सगळा व्हरांडा खेळण्यातला वाटायला लागतो. शेवटचा हात मॅट वार्निशचा. चकचकीत वार्निशने घर छोट्या मापाचं आहे हे लगेच उघडं पडतं.