पंप बदलण्याआधी हवेची वाट शोधा

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. पंप पूलशेजारच्या खोलीत, पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलाय. मे महिन्यात पाण्याची टंचाई होती, तेव्हा पूलची पातळी खाली गेली आणि एका रात्री पंप कोरडाच चालत राहिला. तेव्हापासून रिटर्नच्या तोंडांतून, म्हणजे गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं तिथून, दिवसभर बुडबुडे येतात आणि सकाळी पंप लवकर पाणी उचलत नाही. खोलीत कुठेही ओल नाही. कंत्राटदार म्हणतो, पंप गेला, नवा घ्या. घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात मुळीच घेऊ नका. सोसायटीचा पैसा सगळ्यांच्या मेंटेनन्समधून येतो, तो अंदाजावर घालवू नये.

तुम्ही लिहिलंय की ओल नाही. मला त्यातूनच सगळ्यात जास्त कळलं. पंप चालू असताना पूल ते पंप या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तिथे फट पडली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत खेचली जाते. पंप बंद झाला की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं पाणी पूलमध्ये उतरतं. म्हणून सकाळी प्रायमिंग, म्हणजे पंप आणि पाइपात भरून राहिलेलं पाणी, गेलेलं असतं. गळती पंपाच्या पुढे, फिल्टरच्या बाजूला असती तर फरशी भिजली असती. कोरड्या चालण्याने मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारा भाग) जळतं हे खरं, पण मग पंप आणि मोटर यांच्या मधून पाणी टपकतं. तेही तुमच्याकडे नाही.

आधी पूलची पातळी बघा. पाणी स्किमरच्या, म्हणजे पूलच्या भिंतीतल्या वरचं पाणी ओढणाऱ्या खिडकीच्या, तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवं आणि त्याची झडप मोकळी हलायला हवी. ते ठीक असेल तर पंप बंद करून स्ट्रेनरचं (पंपाच्या पुढ्यातल्या, कचरा अडवणाऱ्या जाळीच्या डब्याचं) झाकण उघडा आणि त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, हातात घ्या. बोट फिरवत पूर्ण गोल तपासा. वाळूचा एक कण, एखादा केस किंवा एका बाजूने चपटी झालेली जागा, एवढंही हवा घ्यायला पुरतं. तिची खाच फडक्याने पुसा, रिंग चिरलेली असेल तर नवी घाला आणि सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही जातींचं रबर त्याने फुगतं. स्ट्रेनरच्या तळाच्या ड्रेन प्लगची रिंगही बघा, ती सगळेच विसरतात.

तरी बुडबुडे राहिले तर माझा संशय पंपाच्या तोंडात फिरवलेल्या आट्यांच्या प्लास्टिक जोडावर आहे. पंप कोरडा चालला की आत अडकलेलं थोडंसं पाणी कढत होतं, त्या उष्णतेने पीव्हीसीचे आटे आक्रसतात आणि टेफ्लॉन टेप असूनही जोड सैल पडतो. पंप चालू ठेवून या जोडावर मगने हळूहळू पाणी ओता, मोटरवर थेंबही उडू देऊ नका. दुसऱ्याने स्ट्रेनरच्या पारदर्शक झाकणावर नजर ठेवावी. पाणी पडत असेपर्यंत बुडबुडे थांबले, तर फट तिथेच. मग हेच युनियनवर (फिरवून सुटणाऱ्या पाइपाच्या जोडावर) आणि व्हॉल्व्हच्या दांड्याशी करा. जिथे पाणी ठरत नाही तिथे शेव्हिंग फोम लावा, फटीपाशी तो आत ओढला जाऊन खळगा पडतो.

जोड सापडला तर वरून पुट्टी थापू नका. ती काही दिवस टिकते आणि पुढच्या माणसाला नीट काम करू देत नाही. जोड कापून जाड भिंतीचा नवा बसवा, आट्यांवर टेप घट्ट गुंडाळा, सोल्यूशन (पीव्हीसी चिकटवणारा गोंद) लावलेला भाग शक्य असेल तर रात्रभर वाळू द्या.

इथेही काही सापडलं नाही, तर स्किमर आणि तळाच्या ड्रेनच्या लाइनी व्हॉल्व्हने आळीपाळीने बंद करून बघा. ज्या लाइनीला बंद केल्यावर बुडबुडे थांबतात, ती दोषी. मात्र या वेळी पूलमध्ये कोणीही नसावं. सगळी ओढ एकाच जाळीवर येते आणि लहान मुलाचे केस किंवा अंग तिथे अडकू शकतं. इथे मी कुणाचीही घाई ऐकणार नाही. लाइनीची दोन्ही तोंडं बंद करून दाब देऊन बघितल्याशिवाय टाइल्स फोडायला होकार देऊ नका.

प्रश्न : दुरुस्ती होईपर्यंत पूल चालू ठेवला तर चालेल?

उत्तर : चालेल, पण काळजी घेऊन. पंपाने ओढलेली हवा फिल्टरच्या वरच्या भागात साठते आणि दाबाखाली राहते. अशा टाकीचं झाकण उडून माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून ऑपरेटरला सांगा, पंप बंद करून एअर व्हॉल्व्हने दाब पूर्ण उतरवल्याशिवाय फिल्टरला हात लावायचा नाही. शिवाय हवा घेणारा पंप कमी पाणी फिरवतो, त्यामुळे क्लोरिन सगळीकडे सारखं पोचत नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी, रिटर्नपासून लांबच्या कोपऱ्यातलं पाणी तपासा. क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ नसेल, किंवा पाणी गढूळ होऊन तळाची जाळी दिसेनाशी झाली, तर त्या दिवशी मुलांना उतरू देऊ नका.