यवतमाळहून कुनमिंग, शक्यतो रुळांवरून

प्रश्न : आम्हा दोघा भावांना रेल्वेने चीनमधल्या कुनमिंगला जायचे आहे. गाडी कुठे बदलावी? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : सलग रूळ नाहीत, भारत-म्यानमार अजून रेल्वेने जोडलेले नाहीत. बडनेऱ्याहून हावडा गाठा, कोलकाता ते बँकॉक विमान घ्या. बँकॉकहून रात्रीची थेट गाडी सकाळी लाओसच्या व्हिएन्तियानला पोचवते. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १००० मिमी. आपला जुना अकोला-खंडवा होता तसाच. पुढचा, २०२१ मध्ये सुरू झालेला मार्ग १४३५ मिमीचा, म्हणून डबे पुढे जात नाहीत.

लोक फसतात ते इथेच. बँकॉकची गाडी खामसावात स्टेशनात येते, कुनमिंगची दुसऱ्याच स्टेशनातून सुटते. मध्ये गाडी करून जावे लागते. एक रात्र मुक्काम धराच.

सीमेवर लाओसचे बोतेन आणि चीनचे मोहान, दोन्हीकडे सगळे सामान घेऊन उतरावे लागते. म्हणून प्रत्येकी एकच बॅग, स्वतःला उचलता येईल एवढी. चाकू, अडकित्ता, स्प्रेचे डबे घरीच ठेवा. चीनचा व्हिसा इथूनच काढून न्या. चीनचे घड्याळ लाओसच्या १ तास पुढे असते, तेव्हा कुनमिंगहून पुढचे तिकीट काढताना तो तास मोजा.